खेळांतलें मरण

हुतुतूच्या अंगणांत दर संध्याकाळीं दहापांच मुलें मरतात आणि तितकींच पुन्हां जिवंत होतात. बुद्धिबळाच्या पटावर प्यादीं मारलीं जातात, घोडे मारले जातात, उंट मारले जातात. आणि मारणारा व हरणारा हे दोघेही शेवटीं एकाच किटलींतला चहा घेतात. सोंगट्यांच्या डावांत 'मेली' हा शब्द उच्चारतांना घरांतल्या अत्यंत सोवळ्या आजीबाईंची जीभही अडखळत नाहीं. आपल्या खेळांनीं मरण या शब्दाला इतकें माणसाळवून टाकलें आहे कीं, त्यांत कांहीं विचार करण्यासारखें आहे असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. आणि तें योग्यच आहे. पटावरचें प्यादें हें कोणाचें मूल नसतें. चतुरंग सेनेचें तें एक पुसट स्मरण आहे. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ यांच्या रणांगणावरचा चिखल आणि रक्त केव्हांच धुऊन निघालें, आणि उरली ती केवळ भूमिति.

परंतु त्याच प्याद्याला नांव असेल तर? त्याला स्वतःचा रंग असेल, जन्मतिथि आणि मृत्युतिथि असेल, कोणा एका आईच्या हातीं त्याच्या मरणाची तार पडली असेल, तर तें प्यादें हातांत घेऊन 'मारलें' म्हणतांना आपल्याला त्या आजीबाईंइतकें निर्धास्त राहतां येईल काय? प्रश्न काल्पनिक नाहीं. पाश्चात्य देशांत ऐतिहासिक युद्धें मेजावर मांडून खेळण्याची मोठी हौस आहे. आणि त्यांतही पहिल्या महायुद्धांतील विमानांच्या लढाईचे खेळ कुटुंबांत विशेष आवडते आहेत. त्यांचे नियम अर्ध्या तासांत समजतात, डाव तासाभरांत संपतो, आणि तीं दुपंखी-तिपंखी विमानें दिसतातही मोठीं गोजिरवाणीं.

अमेरिकेंतील इंडियानापोलिस शहरीं दर उन्हाळ्यांत मेजावरच्या खेळांचें एक प्रचंड संमेलन भरतें. १९६८ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या गांवीं तें प्रथम भरलें. २००३ पासून तें इंडियानापोलिस येथें असतें. आणि २०२३ सालीं तेथें सत्तर हजारांहून अधिक माणसें लोटलीं. त्याचें नांव 'जेन कॉन'. या नांवांत एक कोटी दडलेली आहे. गांवाचें नांव जिनीव्हा, आणि संमेलनाला इंग्रजींत जो शब्द आहे तोच राष्ट्राराष्ट्रांतील करारालाही आहे. तेव्हां युद्धांत जखमींचे व कैद्यांचे हाल होऊं नयेत म्हणून जे जिनीव्हा करार झाले, त्यांचेंच नांव या खेळगड्यांनीं थट्टेनें आपल्या जत्रेला देऊन टाकलें. कोटी करणाऱ्यांचा हेतु फारसा गंभीर असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तरी युद्धाच्या खेळांची जत्रा युद्धाला मर्यादा घालणाऱ्या कायद्याच्या नांवानें भरावी, ही गोष्ट आमच्या मनांतून कांहीं केल्या जाईना.

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त त्याच बाजूला सहकुटुंब राहतो. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही त्याच्याकडे गेलों असतां त्या मंडळींनीं आम्हांसही या जत्रेला नेलें. गर्दीचें वर्णन करीत बसत नाहीं. पंढरपूर पाहिलेल्या माणसाला गर्दीचें कौतुक काय असणार? एका मोठ्या दालनांत शेंकडों मेजें मांडलेलीं, आणि त्यांतल्या एकावर फ्रान्समधील शेतें, रस्ते आणि खंदकांच्या रेषा रंगविलेली एक सतरंजीएवढी चादर अंथरलेली होती. आकाशांतून जमीन जशी दिसावी तशी ती जमीन. तिच्यावर बोटाएवढालीं विमानें, आणि भोंवतीं आमचें कुटुंब: सून आणि चौदा वर्षांचा नातू हे इंग्रजांकडून, पुतण्या आणि अकरा वर्षांची नात हीं जर्मनांकडून. आम्ही प्रेक्षक.

खेळ आन्द्रेआ आन्जिओलीनो व पिएर जोर्जो पाल्या या दोघां इटालियन गृहस्थांनीं रचलेला. तो २००४ सालीं निघाला तेव्हां त्याचें नांव 'विंग्ज ऑफ वॉर' होतें. २०१२ पासून तो 'विंग्ज ऑफ ग्लोरी' या नांवानें निघतो. युद्ध जाऊन त्याच्या जागीं कीर्ति आली. हा बदल व्यापारी कारणानें झाला असेल, पण आम्हांस पहिलें नांव अधिक प्रामाणिक वाटतें.

या खेळाची रचना सांगितल्यावांचून पुढचा विचार समजणार नाहीं. प्रत्येक विमानाचा स्वतःचा एक पत्त्यांचा जुडगा असतो, आणि त्या विमानाला खरोखर जीं वळणें घेतां येत तींच त्या पत्त्यांवर बाणांनीं काढलेलीं असतात. प्रत्येक गडी आपल्या जुडग्यांतून तीन पत्ते गुपचूप निवडून पालथे ठेवतो. मग सर्वजण पहिला पत्ता एकदम उलटतात आणि बाणाप्रमाणें विमान सरकवितात. मग दुसरा, मग तिसरा. सरकल्यावर शत्रु समोरच्या कोनांत आणि एका लहानशा पट्टीच्या अंतरांत आला, तर गोळी झाडावयाची. ज्याला ती लागली त्यानें नुकसानीचा पत्ता उचलावयाचा. अंतर पट्टीच्या अर्ध्याहून कमी असेल तर दोन. पत्त्यावर आंकडा असतो, कधीं शून्यही असतें. तो आंकडा उचलणाऱ्यानेंच पाहावयाचा आणि मनांत बेरीज करीत जावयाचें. विमानाच्या सहनशक्तीइतकी बेरीज झाली कीं विमान उचलून ठेवावयाचें. कांहीं पत्त्यांवर सुकाणूं अडकतें, कांहींवर आग लागते, आणि एका पत्त्यावर स्फोटाचें चित्र असतें. तो आला कीं बेरजेचा प्रश्नच उरत नाहीं.

म्हणजे या खेळाचा सारा जीव दुसऱ्याचें मन ओळखण्यांत आहे. तुमचे पत्ते पालथे पडले, आतां ते बदलतां येत नाहींत. समोरचा डावीकडे वळेल असें धरून तुम्ही डावीकडे वळलां आणि तो सरळ गेला, तर तुमची पाठ त्याच्या तोफेसमोर. परक्या गड्याशीं हें खेळणें निराळें, आणि ज्या मुलीला तुम्ही चालावयास शिकविलें तिच्याशीं खेळणें निराळें. आमच्या सुनेला आपली मुलगी संकटांत सांपडली कीं डावीकडे वळते हें ठाऊक होतें. तिसऱ्या फेरींत तिचें एस. ई. ५ मुलीच्या तिपंखी फॉकरच्या नेमकें पाठीशीं येऊन बसलें. पट्टी लावून पाहण्याचीही गरज नव्हती.

"आई, तू मला मारणार?" नातीनें विचारलें.

सुनेनें क्षणभर पट्टी हातांतच धरली. मग ती म्हणाली, "तू माझ्या पुढ्यांत आलीस, बाळ. उचल दोन पत्ते."

येथें पहिला प्रश्न उभा राहतो, आणि तो युद्धाचा नाहीं, घरचा आहे. मुलाला मुद्दाम जिंकूं द्यावें कीं नाहीं? आपल्या घरांत हा प्रश्न बहुधा प्रेमाच्या नांवाखालीं सोडवून टाकण्यांत येतो. आजोबा पत्त्यांत हरतात, मामा कॅरमची राणी मुद्दाम चुकवितो, आणि मूल टाळ्या पिटतें. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतींत आम्हांस त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. परंतु एक वय असें येतें कीं, मुलाला ही उदारता कळूं लागते. आणि कळली कीं ती त्याला उदारता वाटत नाहीं, अपमान वाटतो. 'तुला मीं बरोबरीची मानलेंच नाहीं' असें तिचें भाषांतर मूल मनांत करतें. शिवाय नियम सर्वांनीं पाळावयाचे असें ठरवून मेजाशीं बसल्यावर एकानें ते गुपचूप शिथिल करणें ही फसवणूकच आहे, मग ती आपल्या तोट्याची कां असेना. सुनेनें गोळी झाडली हें तिनें योग्य केलें. नात रुसली नाहीं. उलट पुढच्या फेरीला तिनें डावीकडे वळण्याची खोड सोडून सरळ वर झेप घेतली आणि आईला पुढें जाऊं दिलें, तेव्हां तिच्या तोंडावर जो आनंद होता तो कोणाच्या दयेनें मिळणारा नव्हता.

आणखी दोन फेऱ्यांनीं भावाची गोळी तिला लागली. तिनें पत्ता उचलला, पाहिला, आणि किंचित् थांबली. पत्ता तिच्याच हातांत होता. इतर कोणीं पाहिला नव्हता. तिनें तो उताणा करून मेजावर ठेवला. स्फोट. "माझं विमान गेलं," एवढेंच ती बोलली. शुद्ध खेळाची जी शिकवण म्हणतात ती याहून वेगळी काय असते, हें आम्हांस ठाऊक नाहीं. आपल्या नाशाची बातमी दुसऱ्या कोणास कळण्यापूर्वीं आपण होऊन सांगणें हें मोठमोठ्या सरकारांनाही साधत नाहीं.

इथपर्यंत सर्व गोड आहे, आणि हा निबंध येथें संपला असता तर वाचकांनाही बरें वाटलें असतें. परंतु नातवानें मेलेल्या विमानाचा पत्ता उचलून वाचला. त्या पत्त्यांवर विमानाच्या नांवाबरोबर, तें ज्यानें खरोखर उडविलें त्या वैमानिकाचेंही नांव छापलेलें असतें. "आजोबा, हा माणूस खरंच होता का? आणि तो असाच मेला का?"

परत आल्यावर हा सर्व वृत्तांत आम्ही आमच्या एका शिक्षक स्नेह्यांस सांगितला. ते मुळींच प्रसन्न झाले नाहींत. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: मरणाची बेरीज करावयास शिकण्यापूर्वीं मुलानें मरणाचें रडणें ऐकलेलें असलें पाहिजे. तुमच्या मेजावर बेरीज आहे, रडणें नाहीं. विमान जळतें तेव्हां आंतला माणूस काय करतो हें त्या पत्त्यावर लिहिलेलें नाहीं. असलीं मुलें मोठीं होऊन वर्तमानपत्र उघडतील तेव्हां आपलीं किती, त्यांचीं किती, एवढेंच पाहतील.

हा आक्षेप हलका नाहीं, आणि त्याची पहिली बाजू सत्य आहे. १९१४-१८ च्या युद्धांत इंग्रज वैमानिकांना हवाई छत्री दिलेली नव्हती. जर्मनांनाही ती मिळूं लागली ती १९१८ मध्यें, युद्ध संपत आलें तेव्हां. कापड, लांकूड आणि पेट्रोल यांच्या त्या पिंजऱ्याला हजारों फुटांवर आग लागली तर आंतल्या माणसापुढें जळणें कीं उडी टाकणें एवढीच निवड उरे. 'आग' हा पत्ता मेजावर येतो तेव्हां त्यावर ज्वाळेचें एक नीटस चित्र असतें. तें चित्र आणि ती निवड यांच्यामध्यें जें अंतर आहे, तें कोणत्याही नियमपुस्तकाला तोडतां येणार नाहीं, आणि तोडूंही नये. कारण त्या भयाचा खेळ करूं पाहणें हें अधिकच किळसवाणें होईल.

पण आक्षेपाची दुसरी बाजू आम्हांस पटत नाहीं. मे २०२५ मध्यें भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्यें चार दिवस संघर्ष झाला, तेव्हां आपल्या शहरांतील किती दिवाणखान्यांत पडलेल्या विमानांची बेरीज चालली होती, हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें. ती बेरीज करणाऱ्यांतल्या बहुतेकांनीं असा खेळ उभ्या जन्मांत पाहिलेला नसेल. गुण मोजण्याची ही संवय मेजावरून युद्धांत गेलेली नाहीं. ती युद्धांतूनच मेजावर आलेली आहे. पांच किंवा अधिक विमानें पाडणाऱ्या वैमानिकाला पहिल्या महायुद्धांत फ्रेंचांनीं 'एक्का' म्हणावयास सुरुवात केली, आणि तो शब्द जगभर रूढ झाला. माणसें मरत होतीं आणि मारणाऱ्यांना पत्त्यांच्या जुडग्यांतलें नांव मिळत होतें! जर्मनांचा सुप्रसिद्ध मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेन यानें ८० विमानें पाडलीं. प्रत्येक विजयागणिक तो बर्लिनच्या एका जवाहिऱ्याकडून एक लहानसा चांदीचा पेला करवून घेई. साठ पेले झाल्यावर चांदीच मिळेनाशी झाली म्हणून ही प्रथा थांबली. साठ पेल्यांचें तें कपाट ज्यानें डोळ्यांपुढें आणलें, त्याला मेजाशीं बसलेलें कुटुंब फार क्रूर वाटणार नाहीं.

तेव्हां युद्ध खेळूं नये असें म्हणणाऱ्यांनीं आधीं हें ध्यानांत घ्यावें कीं, युद्ध खेळण्याची कला मुलांनीं शोधलेली नाहीं. १८१२ मध्यें राइस्वित्स नांवाच्या एका प्रशियन गृहस्थानें असा खेळ आपल्या राजापुढें ठेवला, आणि त्याच्या मुलानें तो सुधारून १८२४ मध्यें सैन्याच्या शिक्षणांत रूढ केला. फांसे, नकाशा आणि पंच ही त्याची सामग्री. बापलेकांनींच हें काम पुरें केलें, हें जातां जातां सांगण्यासारखें आहे. एच. जी. वेल्स यानें १९१३ सालीं शिशाच्या शिपायांच्या लढाईवर एक पुस्तक लिहिलें. तें मुलांसाठीं आहे, आणि मुलींपैकीं ज्या विशेष हुशार असतील त्यांच्यासाठीं आहे, असें त्यानें पुस्तकाच्या नांवांतच सांगून ठेवलें होतें. आमच्या नातीनें हें ऐकून त्या थोर लेखकाविषयीं जें मत दिलें तें येथें छापण्याजोगें नाहीं. मोठ्या युद्धापेक्षां लहान युद्ध बरें, असा त्या पुस्तकाचा आशय होता. पुढच्याच वर्षीं मोठें युद्ध आलें.

आणि कधीं कधीं या खेळानें माणसें वांचलींही आहेत. १९४२ सालीं लिव्हरपूल येथें कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स या आजारामुळें आरमारांतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यानें एका खोलीची जमीनच समुद्र मानून तिच्यावर खडूनें जहाजांचे मार्ग काढले, आणि आरमाराच्या महिला पथकांतील तरुण मुलींना हाताशीं घेऊन जर्मन पाणबुड्या ताफ्यांवर कशा चालून येतात याचा शोध लावला. युद्ध संपेपर्यंत सुमारें पांच हजार अधिकारी त्या जमिनीवर शिकून गेले. पाणबुडीच्या विद्येंत मुरलेले अॅडमिरल मॅक्स हॉर्टन स्वतः पाणबुडी घेऊन खेळावयास बसले, तेव्हां एका विशींतल्या मुलीनें त्यांना लागोपाठ पांच वेळां बुडविलें, असें सांगतात. तेथें मरणाची बेरीज चालली होती. पण प्रत्येक बेरजेमागें समुद्रावरचे जिवंत खलाशी होते, आणि खेळणाऱ्यांना तें ठाऊक होतें.

आमचा या विमानांच्या खेळावर आक्षेप आहे तो निराळाच. त्यांत क्रौर्य फार आहे असें नाहीं. त्यांत दाक्षिण्य फार आहे. चार विमानें, दोन्ही बाजूंनीं सारख्या तोलाचीं, समोरासमोर, निरभ्र आकाश: हें चित्र मुळांतच खोटें आहे. १९१७ सालीं लॉइड जॉर्ज यानें पार्लमेंटांत वैमानिकांना ढगांतले सरदार म्हणून गौरविलें, आणि तेव्हांपासून जगानें ती कल्पना हृदयाशीं धरली आहे. खंदकांत लाखों माणसें उंदरांसारखीं मरत असतां वर कोठें तरी कर्णार्जुनांचें द्वंद्वयुद्ध चालू आहे, ही कल्पना लोकांना हवीच होती. पण खऱ्या वैमानिकांचे गुरु काय शिकवीत? ओस्वाल्ड बोल्के यानें १९१६ सालीं आपल्या शिष्यांना जे नियम घालून दिले त्यांचें सार असें कीं, सूर्य पाठीशीं ठेवावा, मागून जावें, जवळ जावें, आणि मगच गोळी झाडावी. आणि मागून गांठावयाचा तो बहुधा कोण असे? दोन माणसांचें एखादें संथ विमान, जें खंदकांचीं छायाचित्रें घेत किंवा तोफखान्याला निशाण सांगत एकाच मार्गावर घिरट्या घालीत असे. त्याच कामासाठीं तर विमानें होतीं. लढाऊ विमानें हीं त्यांना मारण्यासाठीं किंवा त्यांना राखण्यासाठीं निर्माण झालीं. इंग्रजांचें बी. ई. २ हें असलेंच बिचारें विमान होतें. एप्रिल १९१७ या एका महिन्यांत इंग्रजांचीं २४५ विमानें गेलीं, तीं कांहीं सर्व सरदारांच्या द्वंद्वांत गेलीं नाहींत. रिश्टहोफेनच्या ऐंशी विजयांतला मोठा वांटा असल्याच दोन माणसांच्या विमानांचा आहे.

तेव्हां खेळ सत्याला धरून व्हावयाचा असेल तर मेजाशीं बसलेल्या कोणाला तरी बी. ई. २ घ्यावें लागेल. त्याला नीट वळतां येणार नाहीं, पळतां येणार नाहीं. त्यानें नकाशावरच्या ठराविक जागेवर जाऊन छायाचित्र घ्यावयाचें आणि परत यावयाचें. या खेळांत तशी विमानें आणि तसे डाव आहेत, पण ते मागितल्यावांचून कोणी मांडीत नाहीं. आम्ही पुतण्याला हें सांगितलें तेव्हां तो हंसून म्हणाला, "काका, मग तें विमान घेणार कोण?" या एका प्रश्नांत शौर्याच्या साऱ्या साहित्यावरची टीका आलेली आहे.

आतां नातवाचा प्रश्न. हा माणूस खरेंच होता काय?

त्याला उत्तर देतांना आम्ही त्याला पत्त्यावरच्या जर्मनाची कथा सांगितली नाहीं; त्याच्या आईनें हातांत धरलेलें विमान ज्या जातीचें होतें त्या जातीच्या विमानांतून लढलेल्या एका हिंदी मुलाची सांगितली. इंद्रलाल राय हा २ डिसेंबर १८९८ रोजीं कलकत्त्यास जन्मला आणि लंडनच्या सेंट पॉल्स शाळेंत शिकला. डोळे अधू म्हणून वैमानिकाच्या कामाला त्याला प्रथम नाकारण्यांत आलें, तेव्हां त्यानें आपली मोटारसायकल विकून त्या पैशांत मोठ्या नेत्रवैद्याकडून डोळे पुन्हां तपासून घेतले, असें सांगतात. एका अपघातानंतर तर तो मेला असें समजून त्याला प्रेतागारांत ठेवलें होतें, आणि शुद्धीवर येऊन त्यानें आंतून दार ठोठावलें, अशीही आख्यायिका आहे. हुतुतूंतल्या गड्यासारखा तो एकदां मरून उठला खरा. बरा होत असतां त्यानें विमानांचीं पुष्कळ रेखाचित्रें काढलीं. त्यांतलीं कित्येक अजून आहेत. जुलै १९१८ मध्यें, पंधरवडाही पुरा होण्यापूर्वीं, त्याच्या नांवावर दहा विजय जमा झाले. आणि २२ जुलैला फ्रान्समध्यें कार्व्हें गांवावरच्या आकाशांत त्याचें एस. ई. ५ पेटून खालीं आलें. तेव्हां त्याचें वय एकोणीस होतें. १९९८ सालीं आपल्या सरकारनें त्याच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. त्याचा भाचा सुब्रतो मुकर्जी पुढें १९५४ सालीं भारतीय वायुदलाचा पहिला हिंदी प्रमुख झाला.

फ्रान्समधील एस्तव्हेल येथें त्याची समाधि आहे, आणि तिच्यावर बंगाली अक्षरें आहेत. पाहणाऱ्यानें आदर दाखवावा, स्पर्श करूं नये, असा त्यांचा भाव आहे.

आमचे स्नेही हें ऐकून म्हणाले, "मग झालं कीं! त्या दगडानेंच तुम्हांला उत्तर दिलं आहे. हात लावूं नका." त्यांचें बोलणें आमच्या मनाला लागलें, तरी तें सर्वस्वीं मान्य करण्यास आम्ही तयार नाहीं. ज्या घरांत कोणी या खेळाला हात लावला नाहीं, त्या आपल्याकडच्या किती घरांतून इंद्रलाल राय हें नांव उच्चारलें जातें? चौदा वर्षांच्या त्या मुलाच्या कानीं तें गेलें तें बोटाएवढ्या विमानाला त्याच्या आईचा हात लागला होता म्हणून. दिवाळींत आपलीं मुलें मातीचे किल्ले करतात, त्यांवर मावळे बसवितात; त्यांना पुढें कधीं ना कधीं सिंहगडावर तानाजीचें काय झालें हें विचारावेंसें वाटतें. मातीला हात लागल्यावांचून तो प्रश्न सुचला असता असें आम्हांस वाटत नाहीं. मात्र नांव घेतलें कीं ऋण होतें. ज्याचें विमान आपण हातांत धरलें त्याचें वय विचारणें, तो कसा मेला हें जाणून घेणें, ही त्या खेळाची दक्षिणा आहे; ती न देतां उठून जाणें आम्ही असभ्यपणा समजतों. नातवानें ती दिली. त्या रात्रीं त्यानें संगणकावर रायचीं रेखाचित्रें धुंडाळून काढलीं, आणि 'याला माझ्यापेक्षा चांगलं काढतां येत होतं' असा शेरा दिला.

दक्षिणेचा हा हिशेब एका बाबतींत फारच अवघड होतो. कोणाला तरी शत्रूकडून बसावें लागतें. दशावतारांत कोणी तरी रावण होतोच, आणि त्या नटाला आपण रावण समजत नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या मेजावर पुतण्या आणि नात जर्मन झालीं त्यांतही कोणाला कांहीं वाटलें नाहीं. उलट पालथ्या पत्त्यांच्या या खेळांत शत्रूला मूर्ख समजणारा हमखास हरतो, आणि शत्रूलाही आपल्याइतकीच बुद्धि आहे हें मुलांना लहानपणींच कळतें, हा लाभ सामान्य नाहीं. पण त्याच जत्रेंत शेजारच्या मेजांवर दुसऱ्या महायुद्धांतलीं विमानें होतीं. तेथें शत्रूची खुर्ची म्हणजे कोणाची खुर्ची? आणि दोन्ही खुर्च्यांपेक्षां महत्त्वाचें म्हणजे, खालच्या चादरीवर काय रंगविलें आहे? शेतें आहेत तोंवर ठीक. पण १९४३ च्या जुलैमध्यें हॅम्बुर्गवर गेलेल्या विमानांच्या खालीं शेतें नव्हतीं. हजारों घरें होतीं, आणि त्यांत अशींच कुटुंबें होतीं. अशा मोहिमांचेही खेळ निघालेले आहेत. त्यांत मेजाशीं बसलेल्या दोन्ही पक्षांची मनें एकमेकांना ओळखतात, परंतु ज्यांचें मन कोणीच ओळखावयाचें नसतें अशीं माणसें चादरीच्या रंगांत असतात. त्यांच्या वांट्याला पत्ता नाहीं, वळण नाहीं, आणि आपण होऊन 'माझं घर गेलं' म्हणण्याची पाळीही नाहीं.

आमच्या पुतण्याच्या कपाटांत आतां विमानांच्या चार पेट्या आहेत आणि त्यांत बी. ई. २ ही आहे. तें बहुधा नात घेते आणि क्वचित् परतही आणते. शहरांवरच्या बॉम्बफेकीचा खेळ त्या कपाटांत नाहीं. नातवानें तो गेल्या नाताळांत मागितला होता. बाप म्हणतो, इतिहास आहे, त्याला पाहूं द्या; आई म्हणते, आपल्या जेवणाच्या टेबलावर नको. दोघांनींही आमचें मत पत्रानें विचारलें आहे. आम्ही सुनेच्या बाजूचे आहोंत. पण बापाच्या म्हणण्याला काय उत्तर लिहावें तें आम्हांस अजून सुचलेलें नाहीं, आणि पत्र तसेंच पडून आहे.